विकी की गिट? वेबसाइट सगळ्यांची, पण तपासणी कधी?

आमच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, "वेबसाइट कोणालाही बदलता येते म्हणता, म्हणजे ती विकीच झाली ना?" प्रश्न रास्त आहे. विकी म्हणजे वाचणाऱ्यालाच पान तिथल्या तिथे बदलता येतं अशी वेबसाइट, आणि गिट म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. कोणी, केव्हा, काय बदललं याचा इतिहास विकीवर राहतो आणि गिटमध्येही राहतो. चुकलेला बदल दोन्हीकडे मागे घेता येतो. दोन्ही चालतात ती आपला वेळ विनामोबदला देणाऱ्या माणसांच्या जिवावर. गल्लत होणारच.

खरा फरक आहे तो दुसऱ्या माणसाची नजर बदलावर केव्हा पडते, यात.

विकीवर आधी प्रसिद्धी, मग तपासणी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिलं विकी सुरू केलं तेव्हा नाव घेतलं ते 'झटपट' या अर्थाच्या हवाई बेटांवरच्या भाषेतल्या शब्दावरून. संपादन दाबलं, मजकूर बदलला, जतन केला की जगाला दिसला. मराठी विकिपीडियावर हात चालवलेल्यांना हे सांगायला नको. तिथे 'अलीकडील बदल' चाळत बसणारी माणसं आहेत, चर्चेसाठी चावडी आहे आणि सरावासाठी धूळपाटी. हा शब्द मला फार आवडतो. गिरवा, पुसा, पुन्हा गिरवा, कोणी रागवत नाही.

गिटमध्ये आधी तपासणी, मग प्रसिद्धी. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी लिहिलं. वेबसाइटची पानं साध्या फायली म्हणून रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सामाईक साठ्यात, असतात. आपण आपली प्रत घ्यायची, तीत बदल करायचा, पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, टाकायची. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, ती वाचतो, शंका विचारतो, मर्ज करतो म्हणजे बदल मूळ प्रतीत मिसळतो, मग साइट नव्याने तयार होते.

एक साधं काम घेऊ. नवी आवृत्ती आली आणि तिचा क्रमांक मुखपृष्ठावर, डाउनलोडच्या पानावर आणि इन्स्टॉलेशनच्या माहितीत, असा तीन ठिकाणी बदलायचा आहे. विकीवर ही तीन वेगळी पानं, तीन वेगळे इतिहास. मुखपृष्ठ बदलून झालं आणि जेवायला हाक आली, तर तेवढा वेळ मुखपृष्ठ नवी आवृत्ती सांगतं आणि डाउनलोड जुनीच होते. गिटमध्ये तिन्ही फायली एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच नोंदीत, जातात. आल्या तर तिन्ही, नाही तर एकही नाही. शिवाय डाउनलोडची लिंक आणि तिच्याखालचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा) कोणीही येऊन बदलू शकेल अशा जागी ठेवणं मला मुळीच मान्य नाही. तिथे दहा मिनिटं टिकलेला खोडसाळपणाही वापरणाऱ्यांना महागात पडेल.

म्हणून गिटच बरं, असं म्हणावं तर त्याची किंमत मी पाहिली आहे. एका विद्यार्थिनीने आमच्याकडे पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली होती, एका वाक्यातली चूक सुधारणारी. सहा आठवडे ती तशीच पडून राहिली, कारण तपासणारे आम्ही दोघंच होतो आणि दोघंही कामात होतो. मर्ज केली तोवर ती विद्यार्थिनी दुसरीकडे गेली होती. विकीवर तिचा बदल त्याच मिनिटाला दिसला असता. याचं मला आजही वाईट वाटतं.

मोठ्या प्रकल्पांनाही ही किंमत चुकलेली नाही. वेब डेव्हलपरांना रोज लागणारं एमडीएन हे वेब-तंत्राच्या माहितीचं संकेतस्थळ पंधरा वर्षं विकी होतं. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा मजकूर गिटहबवर, म्हणजे गिटचे प्रकल्प ठेवायच्या संकेतस्थळावर, गेला आणि प्रत्येक बदल छापण्याआधी वाचला जाऊ लागला. पण तेव्हा भाषांतरं गोठवावी लागली, आणि ज्या भाषांना सांभाळणारी माणसं मिळाली त्याच पुढे खुल्या झाल्या.

भाषांतराचा सगळ्यात नेटका उपाय मला डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पात दिसतो. त्यांची मुख्य वेबसाइट २०१८ पासून गिटमध्ये आहे. भाषांतरित पानाच्या फायलीत वरच एक ओळ असते, आणि मूळ इंग्रजी पानाच्या कोणत्या कमिटवरून हे भाषांतर केलं, त्या कमिटची ओळखखूण असलेला चाळीस अक्षर-अंकांचा हॅश तीत लिहिलेला असतो. मूळ पान पुढे सरकलं की ही तफावत आपोआप पकडली जाते आणि पान फार मागे पडलं असेल तर वाचकालाच तसं सांगितलं जातं. साध्या विकीवर शिळं भाषांतर ताज्यासारखंच दिसतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठीत भाषांतर करणाऱ्या प्रत्येक गटाने ही युक्ती उचलावी.

त्याच डेबियनचं वेगळं विकीही आहे. एखाद्या लॅपटॉपवर काय चाललं, काय अडलं, असे अनुभव तिथे जमतात. ते ज्याच्याकडे तो लॅपटॉप आहे त्यालाच ठाऊक असतात, मग मेंटेनर त्यात काय तपासणार?

आम्हीही आता तशीच वाटणी केली आहे. डाउनलोड, सुरक्षेच्या सूचना आणि परवाना गिटमध्ये. बैठकांच्या नोंदी, अडचणी-उपाय आणि कच्ची टिपणं विकीवर. पुल रिक्वेस्ट तपासायची आठवड्याची पाळी लावली आहे आणि तीन दिवसांत निदान एक उत्तर जायलाच हवं, असं ठरलं आहे. पाळीची यादी विकीवर ठेवली. ज्याला तो आठवडा जमणार नसतो, तो कोणालाही न विचारता दुसऱ्याशी नाव बदलून घेतो.