पेढीवरची कीर्द आणि बी.कॉम.चं पहिलं वर्ष

लेखांकन, व्यवस्थापनाची तत्त्वं, व्यवसाय अर्थशास्त्र. पदवीच्या पहिल्या वर्षाचे हे विषय 'सोपे' म्हणून उरकले जातात. कोल्हापुरात तरी असं व्हायला नको, कारण इथं ते वर्गात यायला फार वर्षं लागली.

राजाराम कॉलेज १८८० चं. शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली १८९५ मध्ये, आणि गुळाचा व्यापार तिथं फोफावला. म्हणजे शहरात कॉलेजही होतं आणि बाजारही, पण हिशेबाचं शिक्षण पेढीवरच मिळायचं. पोरगा पेढीचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या शेजारी बसायचा, आधी कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), मग खतावणी (खातेवार हिशेबाची वही) शिकायचा. शिक्षण पक्कं होतं, यात शंका नाही. पण ते ज्याची पेढी त्याच्याच घरात राहायचं. गूळ घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला तिथं कोण बसवून घेणार?

मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये निघालं आणि वाणिज्य हा पदवीचा विषय झाला. कोल्हापुरात स्वतंत्र कॉमर्स कॉलेज यायला १९५७ साल उजाडलं. तेच आज देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांच्या नावानं ओळखलं जातं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडली गेली. ज्यांच्या घरात कधी खतावणी उघडली नव्हती, अशी मुलं आता नावे-जमा शिकू लागली. पहिल्या वर्षाच्या विषयांचं खरं काम हेच आहे, असं मला वाटतं.

अडत्याकडून, म्हणजे शेतकऱ्याचा गूळ विकून देणाऱ्या दलालाकडून, येणारी पट्टीच घ्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद. वर गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन आणि दर. खाली हमाली, तोलाईसारख्या वजावटी, आधी घेतलेली उचल असेल तर तीही, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. बाप बहुतेक वेळा तळाचा आकडाच बघतो. लेखांकनाचे चार तास बसलेली मुलगी मधल्या ओळी वाचते, उचल किती फिटली ते विचारते आणि या गुऱ्हाळाला सरपण, मजुरी धरून काय उरलं, ते मांडते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानं पदवीला दुसऱ्या विद्याशाखेचे विषय घेण्याची वाट मोकळी केली. इतिहास किंवा रसायनशास्त्र घेतलेल्या मुलांनाही आता व्यवसायाची ओळख करून घेता येते. मात्र वर्गात ठरावीक व्याख्याच लिहून द्यायच्या, की गुळाची एखादी खरी पट्टी फळ्यावर मांडायची, हे शिकवणाऱ्याच्या हातात आहे. मार्केट यार्ड तर शहरातच आहे.