सिस्टर लोकांना शाळा आधी मिळालीच नव्हती

कॉन्व्हेंटमधे शिकलेल्या कुणालाही विचारा, कडक प्रिन्सिपल सिस्टर एक असतेच आणि जिच्यापाशी जाऊन रडता यायचं अशीही एक असते. आपल्याला वाटतं ननचं कामच ते, शाळा चालवायची आणि पोरींना समजावायचं. पण खुद्द चर्चलाच हे कितीतरी शतकं मान्य नव्हतं.

१२९८ साली आठव्या बोनिफेस पोपने फर्मान काढलं की नननी मठाबाहेर पडायचंच नाही आणि बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मधे ते आणखी आवळलं. म्हणजे व्रत घ्यायचं तर भिंतीआड प्रार्थना करत राहायचं, नाहीतर लग्न करायचं, बाईला तिसरी वाट जवळजवळ नव्हतीच. इटलीत ब्रेशियाला अँजेला मेरिचीने १५३५ मधे उर्सुलाइन बायकांचा गट काढला होता, त्या आपापल्या घरी राहून काम करायच्या, पण पुढे फ्रान्समधे त्यांनाही मठात बसवलं, फक्त आतल्या आत मुलींची शाळा ठेवू दिली.

मग आली मेरी वॉर्ड, माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात चिवट बाई. इंग्लंडमधे यॉर्कशायरला १५८५ चा जन्म, तेव्हा तिथे कॅथलिक असणं हाच गुन्हा होता. १६०९ च्या सुमारास तिने आजच्या फ्रान्समधल्या सेंट ओमेरला मैत्रिणींना घेऊन मुलींची शाळा काढली आणि तिचं म्हणणं असं की आम्हाला जेझुइट फादरांसारखेच नियम द्या, बिशपच्या हाताखाली नको आणि मठाची भिंतही नको. १६२१ मधे ही मागणी घेऊन ती पायी रोमला गेली!! लोक टिंगल करायचे, भटक्या पोरी म्हणायचे. शेवटी १६३१ मधे आठव्या अर्बन पोपने तिचा संघच बंद केला आणि तिला पाखंडी ठरवून म्युनिकच्या एका मठात कोंडलं. तिथून ती लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहायची, सामान गुंडाळून येणाऱ्या कागदावर, आणि बाहेरच्या सिस्टर तो कागद विस्तवापाशी धरून वाचायच्या. ती १६४५ मधे गेली आणि तिला संस्थापक म्हणायची परवानगी मिळाली १९०९ मधे, म्हणजे ती गेल्यावर अडीचशेहून जास्त वर्षांनी.

संघ बंद झाला तरी तिची परंपरा टिकली, त्यातच यॉर्कच्या कॉन्व्हेंटमधे तयार झालेल्या टेरेसा बॉलने डब्लिनजवळ लोरेटो संघ सुरू केला, त्यातल्या सिस्टर १८४१ मधे बोटीने कलकत्त्याला निघाल्या आणि १८४२ मधे लोरेटो हाऊस उघडलं. मदर तेरेसा मूळच्या याच लोरेटोच्या, कलकत्त्यातल्याच एंटालीच्या सेंट मेरीज शाळेमधे भूगोल शिकवायच्या, १९४८ मधे बाहेर पडल्या. (आपल्याकडची पुणे कॅम्पातली जीझस अँड मेरी किंवा वांद्र्याचं सेंट जोसेफ ही वेगळ्या संघांची कामं, बाहेरून आपल्याला सगळ्या नन सारख्याच वाटतात ती गोष्ट वेगळी.)

आता काउन्सेलिंगचं. कन्फेशन, म्हणजे पापाची कबुली, ऐकायचा हक्क फक्त फादरना, सिस्टरला तो आजही नाही. पण नवऱ्याचं दारू पिणं, पोरीचं न जेवणं, सासूचा जाच, हे कुठलीही बाई जाळीपलीकडच्या पुरुषाला कितपत सांगणार? ते सिस्टरच्याच कानावर यायचं, पापक्षमा वगैरे काही नाही, नुसतं ऐकणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मधे सगळ्या संघांना सांगितलं की आपल्या संस्थापकाचा मूळ हेतू शोधा आणि काळाप्रमाणे बदला, त्यानंतर झगे सुटसुटीत झाले, काहींनी साड्या घेतल्या आणि बऱ्याच सिस्टर मानसशास्त्र, सोशल वर्क शिकायला गेल्या. आधीपासून जे चाललंच होतं त्याला आता डिग्री आली एवढंच.

शाळा आणि हे ऐकणं, दोन्ही एकत्र बघायचं तर कलकत्त्यातल्या सियालदहच्या लोरेटो शाळेतल्या सिस्टर सिरिल मूनी. आयर्लंडमधे जन्म, १९५६ मधे भारतात आल्या, १९७९ पासून २०११ पर्यंत प्रिन्सिपल. त्यांनी फी भरणाऱ्या मुलींच्या बरोबरीने बस्तीतल्या मुली घेतल्या, आणि १९८५ पासून रस्त्यावरच्या पोरांसाठी रेनबो सुरू केलं, पोर कधीही येऊ दे, कुणीतरी मोठी विद्यार्थिनी त्याला एकट्यालाच घेऊन शिकवायला बसणार, आणि हे शाळेच्या टाइमटेबलमधेच होतं, दानधर्म म्हणून नाही. पुढे राहायला जागा नसलेल्या मुली रात्रीही शाळेतच झोपायला लागल्या. २००७ मधे त्यांना पद्मश्री मिळाली.