मेटल थ्रीडी प्रिंटिंगमधले आतले दोष आणि फटीग

धातूची पावडर लेझरने थरावर थर वितळवून बनवलेल्या पार्टमध्ये आत बारीक भोकं, फटी राहतात आणि लोड पुन्हापुन्हा आला की तडा (म्हणजेच फटीग) बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, म्हापेच्या मशीन शॉपमध्ये कास्टिंगचे ब्लोहोल (ओतकामात वायू अडकून राहिलेली भोकं) सगळ्यांना माहीत आहेत, हे त्यांच्याच नात्यातलं, फक्त बरंच बारीक.

कारणं मुख्यतः तीन: थर नीट न जुळणं (लॅक ऑफ फ्युजन), लेझरची एनर्जी जास्त होऊन खोल खड्डा कोसळणं (कीहोल), आणि पावडरच्या दाण्यात अडकलेला आर्गॉन वायू. पहिला सगळ्यात वाईट, कारण ती फट थरांच्या दिशेने चपटी पसरते आणि प्रिंटच्या उंचीच्या दिशेत ओढ बसली की सरळ उघडायला लागते.

दोष किती घातक हे मोजायला क्युशू विद्यापीठाच्या मुराकामींची १९८० च्या दशकातली पद्धत सर्रास वापरतात. दोषाची सावली ताणाला काटकोनातल्या प्रतलावर पाडायची, तिच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ मायक्रॉनमध्ये घ्यायचं, मग धातूच्या विकर्स कडकपणात (कडकपणा मोजायचं एक प्रमाण) १२० मिळवून त्या आकड्याच्या सहाव्या मुळाने भागायचं, आणि आतल्या दोषाला १.५६ ने, पृष्ठभागावरच्याला १.४३ ने गुणायचं. कडकपणा ३५० आणि आतल्या दोषाचं ते वर्गमूळ ५० मायक्रॉन असेल तर पूर्ण उलटसुलट लोडला (जितकी ओढ तितकाच दाब) फटीग मर्यादा, म्हणजे ज्याखाली पार्ट तुटत नाही तो ताण, साधारण ३८० मेगापास्कल येते, ५०० मायक्रॉनला २६०. ही पद्धत दोषाला सरळ तडाच मानते. चपट्या फटींना ते पटतं, पण गोल आर्गॉनच्या भोकातून तडा सुरू व्हायलाही वेळ जातो, म्हणून काही अभ्यासक तिथे त्याला खाच धरतात आणि ते जास्त योग्य वाटतं. शिवाय प्रिंटमध्ये उरलेला ताण वेगळा धरावा लागतो.

म्हणूनच रिपोर्टमधल्या ९९.९ टक्के घनतेवर विसंबू नये, ती सरासरी आहे, पार्ट तुटतो तो सगळ्यात मोठ्या दोषावरून.

हिप प्रक्रियेत, म्हणजे गरम करून सगळीकडून वायूचा दाब देण्यात (टायटॅनियम सिक्स-फोर या मिश्रधातूला साधारण ९२० अंश सेल्सिअस, १०० मेगापास्कल) आतली भोकं दाबून बंद होतात, पृष्ठभागाला जोडलेली होत नाहीत, आणि आर्गॉनवाली नंतरच्या जास्त तापमानाच्या हीट ट्रीटमेंटमध्ये परत फुगू शकतात. सीटी स्कॅनमध्ये पातळ फटी निसटतात.

मशीनिंगने खडबडीतपणा जातो हा मोठा फायदा, पण हिप न केलेल्या जॉबचा स्टॉक (वरचा जादा धातू) काढताना आतलं भोक नेमकं पृष्ठभागावर येऊ शकतं, तेव्हा किती स्टॉक काढायचा हे स्कॅन बघूनच ठरवावं.