भरतीरेषेखालची शेती आणि सपाट नकाशे

जमीन वापराच्या आराखड्यात शेतीला हिरवा रंग, रहिवासाला पिवळा, उद्योगाला जांभळा. रंग दिसतो, उंची दिसत नाही. घाटावरच्या तालुक्यात एवढ्यावर भागत असेल, पण ठाण्याच्या खाडीकाठी जमिनीचं भवितव्य तिच्या उंचीवरच ठरतं.

इथे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला ओहोटी आणि भरतीच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीतली, भातखाचरं या भरतीरेषेच्या खाली असतात. तरी ती पिकतात ती मातीच्या बांधामुळे आणि त्यातल्या उघाडीमुळे, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या दारामुळे. उघाडीची झडप फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरतीचा दाब तिला घट्ट मिटवतो. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून निघून जातं. ना वीज, ना पंप.

बांधाइतकंच काम पाऊस करतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस वरच्या थरातलं मीठ विरघळवून खाली आणि बाहेर नेतो, म्हणून खरिपात भात येतो. पावसाळा संपला की उलटा प्रवास सुरू. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येतं, उन्हाने उडून जातं आणि पांढरं मीठ मागे ठेवतं. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (मीठ जास्त तितकी ती जास्त) दर मीटरला 4 डेसिसीमेन्सच्या वर गेली की शास्त्रज्ञ तिला क्षारयुक्त म्हणतात. भाताला त्याआधीच त्रास होऊ लागतो, कारण मिठामुळे मुळांना पाणी ओढणं जड जातं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ असे क्षार सोसणारे भाताचे वाण काढले ते यासाठीच. पण वाण कितीही चिवट असला तरी रोज दोनदा आत येणाऱ्या समुद्रापुढे त्याचं काही चालत नाही.

बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते तेव्हा नेमकं हेच होतं. गावकी होती तोवर माणसं जमून खांड बुजवत. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं; 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी अधिसूचित झाल्या. जी जमीन उद्या आपली नाही, तिच्या बांधावर चिखल कोण टाकणार? कागदावर खारभूमीचे कायदे होते, 1948 चा आणि नंतर 1979 चा. खांड मात्र कागदाने बुजत नाही. खारं पाणी आत-बाहेर करू लागलं की तिवरांच्या (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या) बिया तरंगत येतात आणि काही वर्षांत खाचराचं कांदळवन होतं. मग किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणारं किनारा नियमन लागू होतं, आणि 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार भोवतीच्या पन्नास मीटरांतही बांधकाम नाही. सातबाऱ्यावर भात, जागेवर तिवर. जमिनीचा वापर बदलला, पण तो बदलण्याचा निर्णय कोणीच घेतला नव्हता.

कांदळवन वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही. लाटांचा जोर ते मोडतं, गाळ धरतं, मासळीच्या पिल्लांना आसरा देतं. आक्षेप आहे तो हा बदल दुर्लक्षातून होण्याला. कुठला बांध राखायचा आणि कुठली जमीन खाडीला परत द्यायची, हे आराखड्यात आधी लिहायला हवं, आणि परत द्यायची असेल तर शेतकऱ्याला मोबदलाही.

गंमत म्हणजे सिडकोने शहर वसवताना उघाडीचंच तत्त्व उचललं. नवी मुंबईतले धारण तलाव भरतीच्या वेळी नाल्यांचं पाणी पोटात घेतात आणि ओहोटीला झडपांतून खाडीत सोडतात. त्यांतही गाळ साचला, तिवरं उगवली, आणि आता उपसा करायचा तर आधी परवानगी.

भिवंडीच्या बाजूला गोदामांसाठी भराव पडतो तेव्हा दुसरीच गोष्ट घडते. भरलेला तुकडा कोरडा राहतो, त्यावरचं पाणी शेजारच्या खाचरात उतरतं आणि उघाडीपर्यंतची वाट बुजते. म्हणून बिनशेतीची परवानगी एकेका गटाला देणं इथे चुकीचं आहे. एका उघाडीतून जेवढ्या जमिनीचं पाणी निघतं, तेवढी सगळी मिळून एक घटक धरावी, आणि नकाशावर तिच्या रंगाशेजारी भरतीरेषेपासूनची उंची छापावी.