मेमरी आहे, पण पत्ता नाही

समजा, १९८८ साल आहे. जळगावात कापसाचा हंगाम ऐन भरात आलाय. जिनिंगच्या पेढीवर मुनीम लोटस १-२-३ या हिशेबाच्या रकान्यांच्या प्रोग्रॅममध्ये शेतकरीवार खरेदी भरतोय आणि संगणक मध्येच सांगतो, 'मेमरी फुल'. शेठ म्हणणार, "मग अजून मेमरी टाक ना भाऊ!" नुसती टाकून भागत नव्हतं. अडचण चिपच्या किमतीची होती, त्याहून जास्त पत्त्याची होती.

१९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. मेमरीतल्या बाइटचा पत्ता सांगायला त्याच्याकडे २० तारा. प्रत्येक तारेवर ० किंवा १, म्हणून पत्ते १०,४८,५७६. म्हणजे एक एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, रॉम (कायमचा मजकूर असलेली मेमरी) आणि जोडकार्डांसाठी राखलेले. उरलेल्या ६४० केबीत डॉस ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली, यंत्राचे भाग हाताळणारे ड्रायव्हर, प्रोग्रॅम आणि त्याचा सगळा हिशेब बसवायचा.

१९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून जी वाट काढली, ती मला आजही फार देखणी वाटते. जादा मेमरी वेगळ्या कार्डावर बसवायची, राखीव भागात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची, तिचे १६ केबीचे चार कप्पे करायचे आणि कार्डावरच्या मेमरीची तेवढीच एकेक पानं त्यांतून दाखवायची. मुनीमाच्या बैठ्या मेजावर चारच चोपड्या उघड्या मावतात, बाकीच्या कपाटात राहतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे मजकूर जागचा हलत नाही. कार्डावरची नोंद बदलते आणि त्याच पत्त्यावर दुसरं पान दिसू लागतं. म्हणूनच ते इतकं झटपट व्हायचं. मात्र कोणतं पान कधी हवं, हे प्रोग्रॅमने स्वतः मागावं लागे. ज्याला मागता येत नव्हतं, त्याच्या लेखी ते महागडं कार्ड नसल्यासारखंच.

त्याआधीच इंटेलचा पुढचा प्रोसेसर ८०२८६ आला होता. तारा २४, पत्ते १६ एमबीपर्यंत. पण डॉस चालायचा ८०८८ च्या जुन्याच रीतीने, त्यामुळे त्याला पलीकडचं दिसेना. त्यातही एक फट सापडली. जुन्या रीतीत पत्ता दोन आकड्यांच्या बेरजेतून बनतो: पहिला १६ पट करायचा, त्यात दुसरा मिळवायचा. दोन्ही आकडे जास्तीत जास्त, म्हणजे ६५,५३५ घेतले, तर बेरीज येते ११,१४,०९५. एक एमबीच्या पुढे ६५,५२० बाइट! ८०८८ वर हा पत्ता फिरून शून्याकडे यायचा आणि काही जुने प्रोग्रॅम त्यावरच विसंबून होते. म्हणून आयबीएमने एकविसाव्या तारेला फाटक बसवलं, आणि त्याची कळ चक्क कीबोर्डच्या कंट्रोलरकडे दिली. हिमेम.सिस हा ड्रायव्हर ते फाटक सांभाळायचा. १९९१ च्या डॉस ५ मध्ये कॉन्फिग.सिस फाइलीत 'डॉस=हाय' लिहिलं की डॉसचा बराचसा भाग त्या फटीत जाऊन बसे आणि खालचे कितीतरी केबी मोकळे होत.

त्यापुढच्या ८०३८६ प्रोसेसरवर तर वेगळं कार्डही लागेना. ईएमएम३८६ हा प्रोग्रॅम साध्याच मेमरीतून ती चार कप्प्यांची खिडकी उभी करायचा, आणि लोटसला त्यातला फरक कळतही नसे.