डीएमझेडचा घोळ: वेबसर्व्हर आणि डेटाबेस वेगळे कसे झाले

वेबसर्व्हर (साइट दाखवणारं मशीन) बाहेर, धंद्याचा डेटाबेस आत, मध्ये फायरवॉल (काय आत येऊ द्यायचं ते ठरवणारी भिंत), हे आता सगळे धरूनच चालतात; त्या बाहेरच्या कप्प्यालाच डीएमझेड म्हणतात. २००० च्या आसपास आमच्या इंदूरला तसं नव्हतं. सियागंजात एका पेढीवर मी स्वतः बघितलंय, काउंटरखाली एकच मशीन, त्यावर वेबसाइट पण आणि उधारीची खाती पण, नि डेटाबेसच्या 'एसए' लॉगिनला, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याला, पासवर्डच नाही. दुसरं मशीन मागितलं तर शेठ म्हणायचे, एक चालतंय ना, मग?

मग २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर आला. ३७६ बाइटचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या यूडीपी पोर्ट १४३४ मधून (पोर्ट म्हणजे मशीनचं नेटवर्कावरचं दार) शिरायचा, दहाएक मिनिटांत जगभर पसरला. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, सहा महिने आधीच आलेला होता, पण कित्येकांना आपल्या मशीनवर एसक्यूएल सर्व्हर आहे हेच माहीत नव्हतं, दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत तो गुपचूप बसलेला. डेटाबेसचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नसतं हे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

आता घोळ इथे आहे. डीएमझेड (डिमिलिटराइज्ड झोन) हा शब्द लष्करातून आला, दोन्ही सैन्यांमधली मोकळी जागा, कोरियात १९५३ पासून आहे तशी. नेटवर्कात त्याचा अर्थ बाहेरून दिसणाऱ्या सर्व्हरांचा वेगळा कप्पा, तिथे वेबसर्व्हर ठेवायचा आणि डेटाबेस त्याच्याही मागे. पण घरगुती राउटरवर 'डीएमझेड होस्ट' म्हणून जो टिक असतो तो उलटंच करतो, बाहेरून येणारं सगळं एकाच मशीनकडे ढकलतो, आणि ते मशीन बसलेलं असतं घरच्याच लॅनवर (आतल्या नेटवर्कावर). कप्पा कुठाय त्यात? लोकांनी तो टिक मारला, डेटाबेसचं मशीनच तिथे लावलं आणि वर म्हणाले, आमच्याकडे डीएमझेड आहे बुवा. पुढे कार्ड कंपन्यांच्या नियमांनी स्पष्ट लिहिलं की कार्डाचा डेटाबेस आतल्या झोनमध्ये, डीएमझेडपासून वेगळा, तरी शब्द दोन्ही अर्थांनी चालूच राहिला.

आणि वेगळं करून सुद्धा भागलं का, तर माझ्या मते अर्धंच. वेबसर्व्हरसाठी फायरवॉलमध्ये डेटाबेसचं पोर्ट १४३३ उघडं ठेवावंच लागतं, नाहीतर साइट चालणार कशी, आणि पासवर्ड वेबसर्व्हरच्या कॉन्फिग फाइलीत. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे साइटच्या फॉर्ममध्ये डेटाबेसचे हुकूम लपवून घुसवणं, १९९८ पासून छापून आलेलं, त्याला पोर्ट फोडायची गरजच नाही, वेबसर्व्हर स्वतःच चिठ्ठी आत नेऊन देतो. त्यात फाइलीत 'एसए' असेल तर एक्सपी-सीएमडीशेल या एसक्यूएल सर्व्हरच्याच सोयीवरून डेटाबेसच्या मशीनवर थेट कमांड चालायच्या. कमी हक्कांचं लॉगिन बनवायला पाच मिनिटं लागतात, ते काम मात्र नेहमी उद्यावर.

क्लाउड (भाड्याचे सर्व्हर) आल्यावर तर भिंत म्हणजे सेटिंगमधली नुसती एक ओळ झाली. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे, बिनपासवर्डचे हजारो मोंगोडीबी डेटाबेस रिकामे करून खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली, बऱ्याच ठिकाणी पैसे भरून पण डेटा परत मिळाला नाही. मागच्या महिन्यात विजयनगरातल्या एका ऑफिसात बसलो होतो, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या फायरवॉल यादीत) डेटाबेसचं पोर्ट सगळ्या जगाला उघडं, आणि शेजारच्या रकान्यात नोंद: 'टेस्टिंगपुरतं'. तारीख दोन वर्षांपूर्वीची.