गालीलातून कधी संदेष्टा आलाय का?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात यरुशलेमची गर्दी येशूबद्दल कुजबुजत असते. कोणी म्हणतो, माणूस चांगला आहे. कोणी म्हणतो, छे, लोकांना फसवतोय. उघड मात्र कोणी बोलत नाही, कारण वरच्यांची भीती. ही कुजबुज समजायची तर आधी त्या सणाकडे पाहायला हवं.

सण यहूद्यांचा, मंडपांचा. सुगीनंतर सात दिवस झावळ्या-फांद्यांच्या मांडवात राहायचं, हातात महाळुंग आणि खजुरीची पाती घेऊन मंदिरात जायचं. (कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच महाळुंग.) रोज सकाळी याजक शिलोहच्या तळ्यावरून सोन्याच्या सुरईत पाणी आणायचा आणि शिंगांच्या गजरात ते वेदीवर ओतलं जायचं. एका याजकाने ते पाणी वेदीऐवजी स्वतःच्या पायांवर ओतलं आणि लोकांनी त्याला महाळुंगांनी झोडपलं, असं मिश्नात, म्हणजे यहूदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, नोंदलेलं आहे. योसेफस हा इतिहासकार इ. स. पूर्व पहिल्या शतकातल्या अलेक्झांडर यान्नाय राजाबद्दल असंच सांगतो. राजा महायाजकही होता. याच सणात वेदीपाशी उभा असताना त्याच्यावर महाळुंगं पडली आणि चिडून त्याने सहा हजारांच्या आसपास माणसं कापली. अनेक अभ्यासक दोन्ही हकिकती एकच मानतात. अशा सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो, ‘कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं.’ आठवडाभर पाण्याचाच विधी पाहिलेल्या गर्दीला हे किती खटकलं असेल, किंवा भिडलं असेल!

वादाचं मूळ मात्र जुनं होतं. त्याआधी यरुशलेमातच एका तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशूने बरं केलं होतं, तेही शब्बाथाच्या दिवशी. शब्बाथ म्हणजे काम बंद ठेवायचा यहूद्यांचा शनिवार, हे कोकणात वेगळं सांगायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएली (कोकणातल्या यहूदी) तेल्यांना गावाने ‘शनवार तेली’ म्हटलं, इतका तो नियम पक्का. येशूचं उत्तर बिनतोड होतं: जन्मापासूनचा आठवा दिवस शब्बाथाला आला तरी तुम्ही मुलाची सुंता करता, मग मी अख्खा माणूस बरा केला तर राग का?

दुसरा मुद्दा गावाचा. येशू उत्तरेकडच्या गालीलचा. यरुशलेमच्या यहूदीया प्रांतावर थेट रोमचा अंमल, तिथे इ. स. २६ ते ३६ पिलात अधिकारी; गालील रोमचा मांडलिक हेरोद अंतिपा याच्या ताब्यात. यरुशलेमकरांच्या लेखी गालीलकर म्हणजे आडगावचे, बोलण्यावरूनही ओळखू येणारे. त्यात इ. स. ६ च्या शिरगणतीविरुद्ध उठलेल्या बंडाचा पुढारी यहूदाही ‘गालीलकर’ म्हणूनच ओळखला जायचा.

गंमत पाहा. गर्दीतले काही म्हणतात, ख्रिस्त (यहूदी ज्याची वाट पाहत होते तो तारणारा) येईल तेव्हा तो कुठला हे कोणालाच कळणार नाही. हा तर आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे हा तो नव्हे. दुसरे मीखा संदेष्ट्याचा आधार घेऊन म्हणतात, ख्रिस्त दावीद राजाच्या बेथलेहेमातूनच यायला हवा, हा गालीलचा. दोन्ही कसोट्या एकमेकींच्या विरुद्ध, निकाल मात्र एकच. तुझा जन्म कुठला, हे खुद्द येशूला कोणी विचारल्याचं योहान सांगत नाही. तिसरा गट त्याला मोशेने सांगितलेला ‘तो संदेष्टा’ मानतो. इथे योहान ‘फूट’ या अर्थी जो ग्रीक शब्द वापरतो, तो ‘स्खिस्मा’, म्हणजे फाटणं. हाच शब्द नवव्या आणि दहाव्या अध्यायातही येतो.

येशूला धरायला धर्मपुढाऱ्यांनी पाठवलेले शिपाई रिकाम्या हाताने परततात: असं कोणी कधी बोललंच नाही, म्हणतात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोक, भडकतात. नियमशास्त्र न कळणारी ही गर्दी शापित आहे, असं म्हणून मोकळे होतात. त्यांच्यातलाच निकदेम हळूच विचारतो, माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं शास्त्र त्याला दोषी ठरवतं का? उत्तर मिळतं टोमण्याने: तूही गालीलचाच का? शोधून पाहा, गालीलातून संदेष्टा निघत नाही.

शोधलं असतं तर सापडला असता. दुसऱ्या राजे ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात अमित्तयाचा मुलगा योना संदेष्टा गथ-हेफेरचा असल्याचं लिहिलंय, आणि गथ-हेफेर येशूच्या नासरेथपासून तासाभराच्या चालीवर.